उजेडरावांचा समुद्र

माझे वडील चौतीस वर्षं ट्रकवर ड्रायव्हर होते. अंकुशनगरच्या कारखान्यातून साखरेची पोती भरायची आणि सांगतील त्या गावाला नेऊन उतरवायची, हे त्यांचं काम. मी सहा-सात वर्षांची असताना ते एकदा चिपळूणच्या बाजूला साखर उतरवून परत आले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसाहतीतल्या पारावर बसून म्हणाले, "समुद्राचं पाणी रात्री पेटतंय. निळं. पाय टाकला की पायाभवती उजेड पडतो."

पारावरची माणसं पोट धरून हसली. सगळ्यात मोठ्यानं हसले ते किसनकाका. किसनकाका कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्या तोलण्यात त्यांचा जन्म गेला. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, ते सगळ्यात जुने मित्र. त्यांनी विचारलं, "रामा, किती घेतल्ती?"

अण्णा दारूला शिवतही नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही त्या संध्याकाळी त्यांचं 'उजेडराव' असं नाव पडलं आणि ते पुसलं गेलं नाही. किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं उजेडराव. शाळेत मी उजेडरावाची पोरगी. मी त्यासाठी भांडले, एकीच्या झिंज्याही उपटल्या. पण नववीत गेल्यावर मलाच लाज वाटायला लागली. एक दिवस मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, ते पाण्याचं कुणाला सांगत नका जाऊ. लोक हसतात."

"तुला बी खोटं वाटतं का?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तक उघडून वाचायला लागले. ते "बरं" म्हणाले. त्यानंतर पाण्याचंच काय, कुठलाही घाट, कुठलं शहर, कुठला ढाबा, कशाबद्दलच त्यांनी काही सांगितलं नाही. ट्रक घेऊन जायचे, यायचे, आंघोळ करून जेवायचे.

पुढं मी विज्ञानाची शिक्षिका झाले. आता घनसावंगीच्या शाळेत शिकवते. मागच्या वर्षी मधल्या सुट्टीत मोबाईल बघत बसले होते, तर कोकणातल्या एका किनाऱ्याची चित्रफीत समोर आली. काळोखात लाट फुटत होती आणि तिची कड निळी जळत होती. मी शोधून शोधून वाचलं. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढे एकपेशीय जीव असतात. हिवाळ्यात किनाऱ्याजवळ त्यांची संख्या वाढली आणि पाणी हललं, की ते उजेड टाकतात. एवढं साधं. मी विज्ञान शिकवत होते आणि माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेलं मी खोटं ठरवलं होतं. घंटा झाली तरी मला उठवेना.

रविवारी अंकुशनगरला जाऊन मी अण्णांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मोबाईल परत माझ्या हातात दिला.

"हेच," ते म्हणाले. "पण किस्न्या मानणार न्हाई. मोबाईलमधी वाघ बी उडतो."

ते बरोबर बोलले. किसनकाकांनी चित्रफीत दोनदा बघितली आणि म्हणाले, "हे कंप्युटरवर करत्यात."

तिथंच मी ठरवलं की या दोघांना समुद्रावर न्यायचं.

जायचं ठरलं

गुहागरच्या दक्षिणेला एक लहान गाव आहे. त्याचं नाव मी देत नाही, कारण तिथल्या मंदाताईंनी तसं सांगितलंय. आदल्या वर्षी कुणीतरी गाड्या वाळूत घालून रात्रभर गाणी वाजवली होती. मंदाताई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. फोनवर त्या म्हणाल्या, "अमावास्येच्या आसपास या. पण दिसेलच असं मी नाय सांगणार. पाणी हाय ते. आपलं नाय ऐकत."

शाळेतून किरकोळ रजा मिळाली, तिला रविवार जोडून पाच दिवस झाले. राहिला प्रश्न किसनकाकांचा. ते आधी नाहीच म्हणाले, मग गुडघ्याचं कारण काढलं. शेवटी त्यांनी अट घातली.

"येतो. पण दिसलं न्हाई, तर रामानं पारावर उभं राहून सांगायचं, मी इतके वर्ष थापा मारून राह्यलो म्हणून."

मी काही म्हणायच्या आत अण्णा म्हणाले, "चालतंय."

"अण्णा, अहो तिथं दिसणं आपल्या हातात नाही," मी हळूच म्हणाले.

"चालतंय म्हणालो ना."

ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. अशा आवाजात ते बोलले की कुणी वाद घालत नाही.

घाट

गाडी मी चालवत होते. ज्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला त्यांना शेजारी बसवून गाडी चालवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. "क्लच सोड." "पुढचा बैल बघ." "हॉर्न कशाला मारती, तो काय बहिरा हाय?" साताऱ्याला लॉजवर उतरेपर्यंत माझे खांदे दुखत होते.

मागच्या सीटवर किसनकाकांनी शिदोरीचा संसार मांडला होता. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कडक ज्वारीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. "तिकडं खायला मिळतं का न्हाई कोण जाणे," हे त्यांचं म्हणणं. ते खाऊन ते झोपायचे आणि उठून विचारायचे, "आला का समुद्र?"

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट लागला. आमच्याकडचा डोंगर म्हणजे बोडका दगड आणि त्यावर चार बाभळी. इथं झाडी रस्त्यावर वाकलेली, खाली दरीत धुकं. अण्णा सरळ होऊन बसले. त्यांचे डोळे एकेक वळण ओळखत होते. एका वळणावर त्यांनी बोट उचललं, "इथं एकदा..." आणि थांबले.

"काय झालं इथं?" मी विचारलं.

"काही न्हाई. गेर बदल."

मागं किसनकाका घोरत होते.

पहिली रात्र

मंदाताईंचं घर जांभ्या चिऱ्याचं, पुढं मागं सुपारीची बाग. त्या पन्नाशीच्या, काटक, बोलताना हात कमरेवर. त्यांचे यजमान दत्ताराम होडी घेऊन मासेमारीला जातात. आम्ही पोहोचलो तेव्हा ते समुद्रावरच होते.

अण्णा आणि किसनकाका आधी गेले ते विहिरीकडं. पौष महिना, आणि पाणी हात घालून घेता येईल एवढं वर.

"आपल्याकडं ह्या दिवसात विहिरीत वाकलं की तळाला आपलंच तोंड सुपारीएवढं दिसतं," किसनकाका म्हणाले. मंदाताईंना ते कळलं नाही. टँकर म्हणजे काय ते मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "विकत पाणी? प्यायला?"

बागेतून पाच मिनिटं चाललं की किनारा. किसनकाकांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. सुरूच्या झाडांतून बाहेर आले आणि उभेच राहिले. मग विचारलं, "रामा, ह्याचा पल्याडचा काठ कुठाय?"

"दिसत न्हाई," अण्णा म्हणाले.

काकांनी धोतर वर खोचलं, पाण्यात गेले, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकले. "एवढं पाणी अन् सगळं खारट! मंग काय उपयोग?" तेवढ्यात एक लाट आली आणि त्यांच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे वाळूनं भरून गेली. अण्णा त्या प्रवासात पहिल्यांदा हसले.

जेवायला सोलकढी आणि बांगड्याचं कालवण होतं. मटणाच्या पंगतीत कुणाला हार न जाणारे किसनकाका काट्यांना घाबरून बसले. शेवटी एक काटा घशात अडकलाच. मंदाताईंनी कोरड्या भाताचा मोठा गोळा त्यांना न चावता गिळायला लावला. काटा गेला, काका वाचले. मग त्यांनी वचपा म्हणून आमचा ठेचा मंदाताईंच्या ताटात वाढला. त्यांनी बोटभर चाटला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. "ह्या तुम्ही रोज खाताव?"

"ही तर लेकराबाळांची मिरची," काका ऐटीत म्हणाले.

रात्री आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. चंद्र नव्हता. पाणी काळं, आकाश काळं. लाट फुटायची तेव्हा थोडा पांढरा फेस दिसायचा, बस. आम्ही दोन तास बसलो. अण्णा तीनदा पाण्यात जाऊन आले. पाय आपटले, हातानं पाणी ढवळलं. काही नाही.

किसनकाकांनी बॅटरीचा झोत समुद्रावर टाकला. "उजेडराव, बटण कुठाय तुमच्या समुद्राचं?"

घरी असते तर मी त्यांना काहीतरी बोलले असते. अण्णा म्हणाले, "बॅटरी बंद कर. उजेडात दिसत नसतं ते." आणि पुन्हा पाण्याकडं बघत बसले.

जुना पूल

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला बाजूला घेतलं. "माय, मी जिथं बघितल्तं तिथं जाऊ. इथून लांब न्हाई."

त्यांना जागा पक्की आठवत होती. खाडीवर एक अरुंद पूल होता. त्या पुलाच्या अलीकडं ट्रकच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. क्लीनर दुसरा पाटा आणायला चिपळूणला गेला आणि अण्णा एकटे राहिले. रात्री हात धुवायला खाली उतरले, पाण्यात हात घातला आणि हाताला पेट घेतल्यासारखं वाटलं म्हणून ओरडून मागं पडले. मग पुन्हा घातला. पहाटेपर्यंत एकटेच पाण्याशी खेळत राहिले. हे सगळं ते मला पहिल्यांदाच सांगत होते. मी कधी विचारलंच नव्हतं.

दुपारून आम्ही तिघं निघालो आणि विचारत विचारत अंधार पडायला तिथं पोहोचलो. जुना पूल पाडला होता. त्याच्या शेजारी नवा रुंद पूल उभा होता आणि त्यावर दोन्ही कडेनं दिव्यांचे खांब. खालचं पाणी चहासारखं पिवळं दिसत होतं. आकाशात एक तारा दिसेना, तिथं पाण्यातला उजेड कुठून दिसणार?

अण्णा खांबांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खाली त्या कोपऱ्यात अंधार हाय," आणि आम्ही अडवायच्या आत उतारावरून निघाले. चार पावलांवर त्यांचा पाय चिखलात गेला. खाडीचा चिखल वरून वाळूसारखा दिसतो. मांडीपर्यंत आत गेले. मी धावले तर माझाही पाय रुतला.

"थांब, तू हलू नको!" किसनकाका ओरडले. त्यांनी गळ्यातला गमजा काढला, एका हातानं कठड्याचं लोखंड धरून स्वतः पोटावर आडवे झाले आणि गमज्याचं टोक अण्णांकडं फेकलं. "धर रामा. घट्ट धर. जल्दी करू नको, पाय हळूहळू काढ."

अण्णा बाहेर आले, मीही पाय उपसला, पण त्यांची एक चप्पल चिखलातच राहिली. दोघं म्हातारे रस्त्याच्या कडेला चिखलानं माखून धापा टाकत बसले. मला रडू येत होतं ते मी आवरलं.

"चल माय, घरी जाऊ," अण्णा म्हणाले. "कारखान्याला. सांगतो मी पारावर."

परतताना माझं चालवणं कसं चुकतंय, हेसुद्धा अण्णांनी सांगितलं नाही.

तिसरा दिवस

सकाळी मी चहा आणायला स्वयंपाकघरात गेले होते. मागच्या पडवीत दोघं बसले होते आणि त्यांना मी दिसत नव्हते.

"रामा," किसनकाका म्हणत होते, "ऐक. गावात मी सांगतो, दिसलं म्हणून. मी सांगितलं तर कुणाची छाती हाय नाही म्हणायची? वजनकाट्यावरचा माणूस मी. बिलकुल मानतील."

अण्णांनी त्यांच्याकडं मान वळवली.

"तुला दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई दिसलं. पण..."

"मंग खोटं कशाला बोलतो?"

"तुझ्यासाठी बोलतो रे!"

"मला न्हाई पाहिजे. मी खरं सांगितल्तं किस्न्या. खऱ्याला तुझी खोटी साक्ष कशाला जोडू? त्यापेक्षा मी थापाड्या बरा."

मी चहाचे कप तसेच धरून उभी होते. इतकी वर्षं मला वाटायचं की अण्णांना लोकांच्या हसण्याचं दुःख आहे. तसं नव्हतं. आपण खरं बोललो होतो, हे निदान एका माणसाला कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तो माणूस म्हणजे किसनकाका.

तेवढ्यात दत्ताराम समुद्रावरून परतले. मितभाषी, उन्हानं रापलेला माणूस. त्यांनी ओलं जाळं अंगणात टाकलं आणि वैतागून मंदाताईंना म्हणाले, "आज काय नाय गावलं. पानी तांबडं झालाय खडपाच्या पल्याड. मासळी पळाली."

मी पुढं झाले. "तांबडं म्हणजे कसं?"

"गंजासारखं. बुळबुळीत. जाळ्याला बगा."

जाळ्यावर चिकट थर होता. मी तो बोटानं चोळून बघितला. मी वाचलं होतं की हे जीव दाटीनं आले की दिवसा पाण्याला असाच तांबूस रंग येतो.

"दत्तारामभाऊ, रात्री हेच पाणी चमकतं का?"

"चमकता तर. तुम्ही लोक त्याच्यासाठी येताव, आमच्या जाळ्यात मात्र काय येत नाय," ते म्हणाले. मग पडवीत बसलेल्या अण्णांकडं बघून त्यांचा सूर बदलला. काल रात्रीचा चिखल मंदाताईंनी त्यांना सांगितला असावा. "आज आवस हाय. खडपाच्या पलीकडं लहानशी पुळण हाय, तिथं एक पण दिवा नाय. ओहोटीला चालत जाऊ. भरती आली की वरच्या वाटेनं परत आणतो तुम्हांला. बाबांना चालवंल ना?"

"चालवंल," अण्णा आतूनच म्हणाले.

खडपाच्या पलीकडं

खडप म्हणजे समुद्रात घुसलेले काळे खडक. शेवाळानं गुळगुळीत, मध्येमध्ये पाण्याची डबकी. सूर्य बुडता बुडता आम्ही निघालो. दत्ताराम पुढं, मी मागं, मध्ये दोघं म्हातारे. अण्णांच्या पायात दत्तारामची जुनी चप्पल, गुडघा धरलेला. किसनकाकांनी त्यांचा हात जो धरला तो सोडलाच नाही. "इथं पाय ठेव. इथं न्हाई, तिथं." आयुष्यभर अण्णांची टिंगल केलेला तोच माणूस त्यांना खडकामागून खडक उतरवत होता, आणि स्वतःचा गुडघा दुखतो हे त्याला आठवतही नव्हतं.

पलीकडं शंभरेक पावलांची पुळण, वाळूचा पट्टा, होती. मागं उंच कडा, समोर समुद्र. हळूहळू अंधार झाला, इतका की शेजारचा माणूस फक्त श्वासावरून कळावा. दत्तारामनी बिडीसुद्धा पेटवली नाही. भरती चढत होती. आम्ही वाळूवर बसून राहिलो.

नऊच्या सुमाराला असेल, दूर कुठंतरी एक रेघ उमटली आणि विझली. मला वाटलं डोळे दमले. मग दुसरी, जवळ. मग पुढची लाट उभी राहिली, वाकली, आणि फुटताना तिच्या अख्ख्या कडेवर निळा जाळ धावत गेला, डाव्या खडकापासून उजव्या खडकापर्यंत.

मी उठून उभी राहिले. पोटातून ओरडले, पण काय ओरडले ते मला आठवत नाही.

"हाय ना?" अण्णांचा आवाज आला. शांत. "हाय ना, माय?"

"आहे अण्णा! आहे!"

मी वळून बघितलं तर किसनकाका जागेवर नव्हते. ते पाण्याकडं चालले होते. धोतर खोचायचंही त्यांना सुचलं नाही. ओल्या वाळूवर त्यांचं पाऊल पडलं आणि पावलाभोवती ठिणग्या उडाल्या. ते दचकून थांबले. दुसरं पाऊल टाकलं. पुन्हा ठिणग्या. मग ते पाण्यात शिरले आणि त्यांच्या दोन्ही पायांभोवती निळा उजेड फिरू लागला. त्यांनी वाकून ओंजळ भरली. बोटांच्या फटींतून उजेड गळत होता. ती ओंजळ त्यांनी नाकाजवळ नेली, लांब धरली, हलवून बघितली, पुन्हा जवळ आणली. हे सगळं त्यांनी इतक्या बारकाईनं केलं की मी हसायचं विसरले. काट्यावर उसाची गाडी चढली की ते असंच बघत असणार.

मग त्यांनी ओंजळ सोडली, दोन्ही हातांनी पाणी उडवलं, आणि उजेडाचा एक पंखा हवेत फुलला.

"रामा!" ते ओरडले. त्यांचा आवाज कड्यावर आपटून परत आला. "अरे रामा! हाय रे! पेटतंय रे! बिलकुल तू म्हणाल्ता तसं!"

अण्णा उठले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. एकटे चालत पाण्याच्या काठापर्यंत गेले.

किसनकाका कमरेएवढ्या उजेडात उभे होते. त्यांचा आवाज फुटला होता. "मी हसलो रे तुला. पहिला मीच हसलो. नाव बी मीच ठिवलं. बोल, काय करू? पारावर उभा राहू? नाक घासू? सांग तू, तुझी बारी हाय."

अण्णांनी चप्पल काढून वाळूवर नीट शेजारी शेजारी ठेवली.

"काही करू नको," ते म्हणाले. "मला खाली पाण्यात घे. गुडघा वाकत न्हाई."

किसनकाका मागं आले, अण्णांना खांद्याला धरून आत नेलं, आणि दोघं वाळूत बसले. लाटा त्यांच्या छातीपर्यंत येत होत्या. प्रत्येक लाट त्यांना निळं करून जात होती. अण्णांच्या पांढऱ्या मिशीत एक ठिपका चमकत राहिला होता. काकांनी तो बोटानं उचलायचा प्रयत्न केला आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखे खिदळले.

मी विज्ञानाची बाई. हे जीव कोणते, त्यांच्यात काय होतं, मला सगळं पाठ होतं. त्यातलं मला एक अक्षरही आठवलं नाही. मी कपड्यांसकट पाण्यात पडले, पाठीवर तरंगले आणि हात हलवत राहिले. वर तारे होते आणि माझ्या हातांनाही तारे लागत होते. मी नववीत होते तेव्हा ह्या माणसाला गप्प केलं होतं. मी पोहत त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं."

"कधीचं काय काढती," ते म्हणाले. "ते बघ, मासा चालला."

खरंच, पाण्याखालून एक मासा वेगानं गेला आणि त्याच्यामागं लांब निळी रेघ उरली. दत्ताराम काठावरून म्हणाले, "बोय हाय ती." आणि मग, चाळीस वर्षं हे पाणी बघणारा तो माणूसही पँट दुमडून आत आला.

वरच्या वाटेनं परतलो तेव्हा आमचे दात कडकडत होते. मंदाताईंनी चूल पेटवून ठेवली होती. कुळथाच्या गरम पिठीत किसनकाका तांदळाची भाकरी कुस्करून जेवले. आदल्या दिवशी याच भाकरीला ते कागद म्हणाले होते. चौथी मागताना त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

परत

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. येताना कुंभार्ली घाटात किसनकाका जागे होते. त्यांनीच विचारलं, "रामा, जाताना इथं बोट दाखवलंस. काय झाल्तं इथं?"

अण्णांनी मागं वळून बघितलं. मग सांगायला लागले. धुक्यात अडकलेल्या सात ट्रकांची गोष्ट होती, सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून रस्त्यावर केलेल्या खिचडीची. ती संपली तेव्हा साताऱ्याची दुसरी निघाली, तिच्यातून पुण्याची. शिरूर मागं गेलं, गोदावरी ओलांडली, तरी चालूच. मला यातली एकही माहीत नव्हती. किसनकाका मागून सारखे विचारत होते, "अन् मंग?"

अंकुशनगरला पोहोचलो त्याच संध्याकाळी काका पारावर गेले. अण्णांनी नको म्हटलं होतं, तरी गेले. मी लांबून ऐकत होते. त्यांनी सगळं सांगितलं, लाट, पाय, ओंजळ, मासा. लोकांनी ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाला, "काका, रामभाऊंबरोबर तुमची बी अक्कल गेली का काय?" आणि पार पुन्हा हसला.

काका चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला. "पुढच्या आवसंला जीप जाणार हाय. ज्याला हसायचंय त्यानं नाव सांगा. खाणं ज्याचं त्यानं घ्यायचं. पाणी बघून आल्यावर जेवढं हसायचं तेवढं हसा."

दोन दिवसांत अकरा नावं झाली. पिठाच्या गिरणीवाला, कारखान्यातले दोन फिटर, किराणा दुकानदार आणि त्याची बायको, पारावरचे ते हसणारे सगळे. घनसावंगीची एक जीप ठरली. मंदाताईंना मी फोन केला तर त्या म्हणाल्या, "अकरा? बरं बरं, वाळूत गाडी घालायची नाय एवढं सांगा."

माघ अमावास्येच्या आदल्या दिवशी पहाटे जीप वसाहतीच्या फाटकाशी उभी होती. मीही पिशवी भरून आले होते. किसनकाकांनी यादी बघितली आणि मान हलवली.

"मास्तरीणबाई, तुला जागा न्हाई. गाडी फुल्ल."

"अहो, मीच तर तुम्हांला नेलं!"

"तू बघितलंस की. आता ज्यांनी न्हाई बघितलं त्यांना बघू दे."

अण्णा पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. धुतलेला सदरा, नवी चप्पल. ड्रायव्हर तरणा होता, त्यानं मोबाईलवर रस्ता लावला होता. अण्णांनी तो मोबाईल उचलून त्याच्या खिशात घातला.

"ते ठेव आत," ते म्हणाले. "रस्ता मी सांगतो. पहिला गेर टाक."

जीप निघाली. फाटकातून वळताना मागच्या बाकावरून सगळ्यांचे आवाज येत होते. कोण विचारत होतं पाणी गरम लागतं का, कोण विचारत होतं कपडे जळतात का. अण्णा मागं वळून एकेकाला उत्तर देत होते, आणि सगळे ऐकत होते.